ज्येष्ठांची नृत्य आणि चिअर पथके : स्वरूप, प्रवेश आणि पूर्वतयारी

पन्नाशी किंवा पंचावन्नी ओलांडलेल्या व्यक्तींनी एकत्र यावे, हातांत चकाकते गोंडे घ्यावेत आणि आठाच्या गणतीवर बसवलेले समूहनृत्य लोकांसमोर सादर करावे, अशी पथके अमेरिकेत चार दशकांहून अधिक काळ कार्यरत आहेत. परदेशस्थ मराठी कुटुंबांना त्यांचे दर्शन बहुधा एखाद्या परेडमध्ये वा बास्केटबॉल सामन्याच्या मध्यंतरात घडते. ‘हौस दांडगी आहे’ असे कौतुकाने म्हटले जाते आणि विषय तिथेच संपतो. वस्तुतः नियमित तालीम, प्रवेशाचे निकष, शारीरिक कस आणि परस्परांवरील जबाबदारी यांवर उभी असलेली ही एक गंभीर हौशी परंपरा आहे. १९८० आणि १९९० च्या दशकांत परदेशी आलेली मराठी पिढी आता निवृत्तीच्या उंबरठ्यावर आहे किंवा तो ओलांडून गेली आहे. भारतातून मुलांकडे येऊन राहणाऱ्या आईवडिलांची संख्याही लहान नाही. या दोन्ही गटांना उपयोगी पडावी अशी माहिती येथे एकत्र केली आहे.

संज्ञा आणि स्वरूप

‘चिअरलीडिंग’ म्हटले की मानवी मनोरे, हवेतील फेक आणि कोलांट्या डोळ्यांसमोर येतात. ज्येष्ठांची पथके सहसा या वाटेला जात नाहीत. त्यांचा भर ‘पॉम’ या नृत्यप्रकारावर असतो. दोन्ही हातांत गोंडे, बाहूंच्या काटेकोर आणि ठसठशीत हालचाली, सर्वांची एकतानता आणि सतत बदलणाऱ्या रांगा ही पॉमची वैशिष्ट्ये होत. जोडीला जॅझ, हिप-हॉप, टॅप किंवा रांगेत पाय उंचावण्याचे ‘किक’ नृत्य असू शकते. काही पथके मिरवणुकीत चालत सादरीकरण करतात, तर काही केवळ रंगमंचावर किंवा क्रीडांगणावर नाचतात. प्रवेशापूर्वी हा फरक समजून घ्यावा, कारण मैलभर चालत नाचणे आणि चार मिनिटे मंचावर नाचणे यांस लागणारी शारीरिक तयारी अगदी वेगळी आहे.

हालचालींना ठरलेली नावे असतात. दोन्ही हात डोक्यावर तिरपे ताणले की ‘हाय व्ही’, खांद्यांच्या रेषेत दोन्ही बाजूंना पसरले की ‘टी’, कानांलगत सरळ वर नेले की ‘टचडाउन’. नृत्यरचना आठ-आठ अंकांच्या गटांत बांधलेली असते. आठ मात्रांचा केरवा कानांत मुरलेल्या मराठी माणसाला ही गणती परकी वाटू नये. शाळेच्या मैदानावर लेझीम खेळलेल्यांना तर या कवायतीचे सूत्र लगेच उमगते: हातात साधन, पायांत ठेका, नजर शेजारच्यावर आणि शिस्त रांगेची.

परंपरेचा उगम

संघटित चिअरलीडिंगचा आरंभ १८९८ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या फुटबॉल सामन्यात झाला असे मानले जाते. त्या काळी हे काम पुरुषांचे होते. स्त्रियांचा सहभाग १९२० च्या दशकात सुरू झाला. १९४८ साली लॉरेन्स हर्किमर यांनी राष्ट्रीय चिअरलीडर्स संघटना स्थापून प्रशिक्षण शिबिरांची पद्धत रुजवली. आंतरराष्ट्रीय चिअर संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची पूर्ण मान्यता २०२१ मध्ये मिळाली. महाविद्यालयीन पुरुषांच्या घोषणांपासून सुरू झालेली ही कला आधी स्त्रियांकडे आणि पुढे ज्येष्ठांकडे आली, हा प्रवास लक्षणीय आहे.

ज्येष्ठांच्या पथकांमध्ये ॲरिझोनातील ‘सन सिटी पॉम्स’ हे नाव अग्रगण्य आहे. विकासक डेल वेब यांनी १ जानेवारी १९६० रोजी खुली केलेली सन सिटी ही पंचावन्न व त्यापुढील वयाच्या रहिवाशांसाठी वसवलेली नगरी. तेथे १९७९ मध्ये हे पथक स्थापन झाले. विस्कॉन्सिन राज्यातील ‘मिलवॉकी डान्सिंग ग्रॅनीज’ हे पथक १९८४ पासूनचे असून ते मुख्यतः परेडमध्ये नाचते. नावाप्रमाणेच तेथे आजी असणे ही सदस्यत्वाची अट आहे.

टोकियोतील ‘जपान पॉम पॉम’ या पथकाची स्थापना फुमिए ताकिनो यांनी १९९६ मध्ये केली. पन्नाशीनंतर अमेरिकेत जाऊन वार्धक्यशास्त्राचे शिक्षण घेतलेल्या ताकिनो यांना अमेरिकेतील ज्येष्ठांच्या चिअर पथकाची माहिती मिळाली आणि वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी त्यांनी मोजक्या मैत्रिणींसह आरंभ केला. नव्वदीच्या उंबरठ्यावरही त्या गोंडे हातात घेऊन मंचावर उभ्या राहत होत्या.

व्यावसायिक क्रीडासंघांनीही हा प्रयोग केला. न्यू जर्सी नेट्स या बास्केटबॉल संघाने साठ वर्षांवरील व्यक्तींचे हिप-हॉप पथक उभे केले. त्याच्या जडणघडणीवरील ‘गॉटा डान्स’ हा माहितीपट २००८ मध्ये प्रदर्शित झाला. न्यूयॉर्क लिबर्टी या महिला बास्केटबॉल संघाच्या ‘टाइमलेस टॉर्चेस’ पथकात चाळिशीपुढील स्त्रिया व पुरुष एकत्र नाचतात. निवृत्तांच्या वसाहतीतील चिअर पथकावर बेतलेला ‘पॉम्स’ हा डायन कीटन यांची प्रमुख भूमिका असलेला चित्रपट २०१९ मध्ये आला आणि या परंपरेची ओळख जगभर पोहोचली.

प्रवेश, तालीम आणि खर्च

पथके साधारणतः तीन ठिकाणी आढळतात: निवृत्तांच्या वसाहतीत, शहराच्या ज्येष्ठ नागरिक केंद्रात वा उद्यान-मनोरंजन विभागात, आणि स्वतंत्र नृत्यसंस्थांत. वसाहतीतील पथक बहुधा तेथील रहिवाशांनाच घेते. शहरी केंद्रांत अट सौम्य असते. तेथे प्रवेश खुला असून नाव नोंदवणे पुरेसे ठरते. क्रीडासंघांची पथके मात्र निवड चाचणी घेतात.

निवड चाचणीत सहसा दोन-तीन आठांचा एक तुकडा तिथल्या तिथे शिकवला जातो आणि लहान गटांत करून दाखवण्यास सांगितले जाते. परीक्षक केवळ लवचीकता पाहत नाहीत. तुकडा किती लवकर लक्षात राहतो, चूक झाल्यावर उमेदवार थांबतो की पुढच्या गणतीवर सामील होतो, आणि शेजारच्याशी ताळमेळ राखतो का, याकडे त्यांचे लक्ष असते. चेहऱ्यावरील भावालाही महत्त्व असते. भरतनाट्यम्, कथ्थक वा लावणी शिकलेल्यांना लय आणि पदन्यास सोपे जातात. मात्र मनगट न वळवता सरळ बाहू झटकन एका जागी थांबवणे त्यांना नव्याने शिकावे लागते.

प्रवेशापूर्वी पुढील गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: आठवड्यात तालमी किती व कोणत्या वेळी; वर्षभरात कार्यक्रम साधारण किती; वर्गणी, पोशाख आणि बूट यांचा खर्च कोण करतो; किती गैरहजेरी चालते; प्रवासाची सोय काय; आणि दुखापत झाल्यास जागा राखून ठेवली जाते का. बहुतेक ठिकाणी जबाबदारीमुक्तीच्या संमतिपत्रावर स्वाक्षरी करावी लागते. ते वाचल्याविना स्वाक्षरी करू नये.

पोशाखाचा प्रश्न संकोचाने गिळून टाकण्याचे कारण नाही. टिकल्यांचे चमकदार जाकीट, आखूड चड्डी किंवा घागरेवजा स्कर्ट आणि पांढरे बूट असा थाट काही पथकांत असतो. पण पूर्ण लांबीची विजार किंवा जाड पायमोजे वापरणारी पथकेही आहेत. पसंती आधीच सांगितल्यास बहुधा मार्ग निघतो. पोशाख सर्वांसाठी एकच ठरलेला असेल, तर तो मान्य आहे की नाही हे प्रवेशापूर्वीच ठरवावे.

शरीराला काय मिळते

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम करावा आणि तीन वा अधिक दिवस तोल व ताकद यांवर भर देणाऱ्या विविध हालचाली कराव्यात. सकाळी चालायला जाणे हा आपल्याकडील ज्येष्ठांचा आवडता व्यायाम. तो उत्तमच, परंतु तोल सुधारण्यास तो एकटा पुरेसा नाही. पॉम नृत्यात एका पायावरून दुसऱ्यावर भार नेणे, मागे सरकणे, वळणे आणि त्याच वेळी हात डोक्यावर नेणे हे सारे एकत्र घडते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील दर चार व्यक्तींमागे एकाहून अधिक व्यक्ती दरवर्षी पडतात, हे ध्यानात घेतल्यास तोलाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही.

मेंदूच्या बाबतीत न्यूयॉर्कमधील एका अभ्यासाचा उल्लेख वारंवार होतो. ७५ वर्षांवरील ४६९ व्यक्तींची वर्षानुवर्षे पाहणी करून डॉ. जो व्हर्गीस आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष मांडले. वाचन, बैठे खेळ आणि वाद्यवादन यांचा स्मृतिभ्रंशाच्या कमी जोखमीशी संबंध दिसला; शारीरिक कृतींपैकी असा संबंध केवळ नृत्याबाबत आढळला. हा निरीक्षणावर आधारलेला अभ्यास आहे. ज्यांचा मेंदू मुळात तल्लख आहे तेच नाचत राहतात, अशी शक्यता त्यात पूर्णपणे वगळता येत नाही. त्यामुळे नृत्य म्हणजे स्मृतिभ्रंशावरील औषध असा दावा करू नये. तथापि नवी रचना पाठ करणे, ती संगीताशी जुळवणे आणि इतरांच्या हालचालींचे भान ठेवणे हे बुद्धीला काम देणारे आहे, यात शंका नाही.

वैद्यकीय खबरदारी

दक्षिण आशियाई वंशाच्या व्यक्तींमध्ये मधुमेह आणि हृदयविकार यांचे प्रमाण अधिक असून ते तुलनेने लवकर उद्भवतात. म्हणून तालीम सुरू करण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलणे आवश्यक आहे. चर्चा ‘नाचू का?’ एवढ्यावर थांबवू नये. आठवड्याला किती तास, उड्या आहेत का, उन्हात परेड आहे का, हे तपशील डॉक्टरांना सांगावेत.

मधुमेहींमध्ये खांदा आखडण्याची तक्रार अधिक आढळते. अशा खांद्याने ‘टचडाउन’ जबरदस्तीने करणे घातक ठरते. हात जिथवर वेदनारहित जातो तिथवरच नेण्याची मुभा प्रशिक्षकाकडून घ्यावी आणि फिजिओथेरपिस्टचा सल्ला घ्यावा. इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी औषधे घेणाऱ्यांनी तालमीपूर्वी रक्तशर्करा तपासावी आणि जवळ गोड पदार्थ ठेवावा. रक्तदाबाच्या काही औषधांमुळे खाली वाकून उठताना किंवा झटकन वळताना चक्कर येऊ शकते. हृदयगती मंद ठेवणाऱ्या औषधांवर असलेल्यांनी घड्याळातील ठोक्यांवर विसंबू नये. नाचताना बोलता येते पण गाता येत नाही, इतपत दम लागला तर श्रम मध्यम आहेत असे समजावे. छातीत दाब, असामान्य धाप किंवा जबडा वा हातात पसरणारी वेदना जाणवल्यास तत्काळ थांबून आपत्कालीन मदत मागवावी.

६५ वर्षांवरील स्त्रियांनी हाडांच्या घनतेची तपासणी करून घ्यावी, अशी अमेरिकेत अधिकृत शिफारस आहे. हाडे ठिसूळ असल्यास उड्या आणि कंबरेतून जोराने वाकणे-वळणे टाळून रचना बदलून घेता येते. तालमीची जागाही पाहावी. काँक्रीटवर चिकटवलेल्या फरशीपेक्षा लवचीक लाकडी तळ गुडघ्यांना सुसह्य असतो. धावण्याचे बूट वळताना जमिनीला अडकतात आणि गुडघा पिळवटतो. नृत्यासाठी बनवलेले, तळाशी सहज फिरणारे बूट घ्यावेत.

पथकाचे खरे बळ

२०२३ मध्ये अमेरिकेचे तत्कालीन सर्जन जनरल डॉ. विवेक मूर्ती यांनी एकाकीपणा आणि सामाजिक विलगता हा सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न असल्याचे निवेदन प्रसिद्ध केले. परदेशस्थ मराठी ज्येष्ठांना त्याची प्रचीती निवेदनापूर्वीच आलेली असते. नोकरी असेपर्यंत दिवसाला आकार असतो. निवृत्तीनंतर मंडळाचा गणेशोत्सव आणि दिवाळी यांच्या दरम्यानचे महिने लांबत जातात. आईवडिलांची स्थिती आणखी बिकट. घर मोठे, शेजार बंद, गाडी चालवता येत नाही आणि दिवसभर घरात कोणी नाही.

यावर उपाय म्हणून योजले जाणारे बहुतेक उपक्रम ज्येष्ठांना श्रोते वा पाहुणे मानतात. व्याख्यानाला एक जण आला नाही तर व्याख्यान थांबत नाही. पथकात मात्र प्रत्येकाची जागा आखलेली असते. तिसऱ्या रांगेतील दुसरी व्यक्ती आली नाही तर रचनेत भोक पडते, शेजारणीला वळण चुकते आणि संध्याकाळी फोन येतो, ‘आज का नाही आलात?’ आपल्या अनुपस्थितीने कोणाचे तरी काम अडते, ही जाणीव निवृत्तीनंतर दुर्मीळ होते. ती परत मिळवून देणे हे पथकाचे सर्वांत मोठे देणे आहे.

या बंधाची कसोटी मिलवॉकीच्या पथकाने पाहिली. २१ नोव्हेंबर २०२१ रोजी वॉकेशा येथील नाताळच्या परेडमध्ये एका वाहनचालकाने गर्दीत गाडी घातली. मृत्युमुखी पडलेल्या सहा जणांमध्ये या पथकातील तीन सदस्या आणि एका सदस्येचे पती होते. काही महिन्यांतच, २०२२ च्या मार्चमध्ये, पथक पुन्हा परेडमध्ये उतरले. केवळ व्यायामासाठी एकत्र आलेल्या लोकांकडून हे घडणे कठीण होते.

एक आक्षेपही नोंदवला पाहिजे. प्रेक्षक कधी कधी अशा पथकांकडे गंमत म्हणून पाहतात. आजीबाई नाचतात याचेच अप्रूप असते. यावर अनुभवी पथकांचे उत्तर तालमीचे असते. रांग सरळ आणि गणती अचूक असेल, तर पहिल्या मिनिटाचे हसू तिसऱ्या मिनिटाला दादेत बदलते. म्हणूनच शिस्तीची पथके गैरहजेरीबाबत कडक असतात आणि नवोदिताने ते मनाला लावून घेऊ नये.

मराठी कुटुंबांसाठी व्यावहारिक बाबी

पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांना मोबदला न घेता, हौशी स्वरूपात संगीत, क्रीडा वा तत्सम कार्यक्रमांत भाग घेण्यास अमेरिकी नियमांत मुभा आहे. मानधन मिळणाऱ्या कार्यक्रमांपासून मात्र त्यांनी दूर राहावे. पथक कार्यक्रमांचे पैसे घेत असेल, तर ते सदस्यांत वाटले जातात का, हे आधी विचारावे आणि शंका असल्यास इमिग्रेशन वकिलाचा सल्ला घ्यावा. पाहुण्यांसाठीच्या आरोग्य विम्यात पूर्वीपासूनच्या आजारांना सहसा मर्यादित संरक्षण असते. क्रीडाविषयक अपवादांचे कलमही वाचून ठेवावे.

खरी अडचण बहुधा वाहनाची आणि वेळेची असते. तालीम सकाळी दहाला, मुले कामावर आणि नातवंडाला बालवाडीतून आणण्याची जबाबदारी आजीवर, असे चित्र अनेक घरांत दिसते. येथे कुटुंबाने निर्णय घ्यावा लागतो. नातवाचा सॉकरचा सराव कॅलेंडरवर लिहिला जातो तशीच आजीची तालीमही लिहिली जावी. सहसदस्यांकडून गाडीची सोबत मागणे यात संकोच नसावा. अमेरिकन पथकांत ही नित्याची पद्धत आहे. भाषेची भीती मात्र फार काळ टिकत नाही. एक ते आठ अंक, डावे-उजवे आणि दहा-बारा हालचालींची नावे एवढ्या इंग्रजीवर पहिला महिना निभावतो.

पुरुषांनीही हा विषय पत्नीच्या खात्यावर टाकू नये. या कलेचा आरंभ पुरुषांनी केला आणि मिश्र पथके आजही आहेत.

स्वतःचे पथक उभारताना

जवळपास पथक नसल्यास महाराष्ट्र मंडळाच्या आधाराने ते सुरू करता येते. आठ ते बारा जण, आठवड्यातून दोनदा मिळणारे सभागृह आणि ज्येष्ठांना शिकवण्याचा अनुभव असलेला नृत्यशिक्षक एवढ्यावर आरंभ होतो. सभागृहाची व्यवस्था विम्याचे प्रमाणपत्र मागू शकते. ते मंडळाच्या नावे घेणे सोयीचे पडते. पहिली रचना दीड-दोन मिनिटांचीच असावी. प्रत्येक हालचालीची खुर्चीत बसून करण्याजोगी पर्यायी आवृत्ती तयार ठेवावी, म्हणजे शस्त्रक्रियेनंतर परतणारा सदस्य रांगेतच राहतो. तालमीचे चित्रण पाठमोऱ्या बाजूने करून सदस्यांना पाठवावे. समोरून केलेल्या चित्रणात डावे-उजवे उलटे होऊन गोंधळ उडतो.

गोंड्यांच्या जोडीला लेझीम आणता येते, झिम्म्याच्या टाळ्या आणि फुगडीची गिरकी सौम्य रूपात गुंफता येते. फुगडीत दोघींचा भार परस्परांच्या मनगटांवर असल्याने वयानुसार वेग बेताचा ठेवावा. मंडळाचा गणेशोत्सव, गावातील स्वातंत्र्यदिनाची परेड आणि जवळचे वृद्धाश्रम ही पहिल्या तीन कार्यक्रमांसाठी योग्य ठिकाणे होत. बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनासारखे मोठे व्यासपीठ त्यानंतर.

प्रवेशासाठी सप्टेंबर आणि जानेवारी हे महिने अनुकूल असतात, कारण अनेक मनोरंजन केंद्रांची नवी सत्रे त्या सुमारास सुरू होतात. आधी एक तालीम केवळ पाहण्याची परवानगी मागावी. त्या तासात नृत्याइतकेच लक्ष विश्रांतीच्या पाच मिनिटांकडे द्यावे. मागच्या आठवड्यात न आलेल्या व्यक्तीची चौकशी तेथे होत असेल, तर ते पथक निवडण्यास हरकत नाही.